कृष्णधवल न्यायमूर्ती

फोटो काळा-पांढरा असावा हा निर्णय विनिताने पूर्ण विचार करून आणि शास्त्रीय कारणांसाठी घेतला होता. हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं, कारण नंतर बोर्ली पंचतनच्या बाजारात याबद्दल दोन मतं झाली आणि दोन्ही तिच्या विरोधात होती.

विनिता घरत तिथल्या विधी महाविद्यालयात पुरावा कायदा शिकवते. त्याआधी तिने भौतिकशास्त्रात एम.एस्सी. केलं होतं, प्रकाशशास्त्र हा विषय घेऊन. मग वकिली कशी काय, असं विचारणाऱ्यांना ती सांगायची की दोन्हीकडे काम एकच असतं: दिसतं काय आणि असतं काय, यांतलं अंतर मोजायचं. हे वाक्य तिचं तिलाच फार आवडायचं. आता ती ते वापरत नाही.

महाविद्यालयाचे संस्थापक दीपेशशेठ. त्यांचं नळ, पाइप आणि टाइल्सचं दुकान आहे, त्यामुळे महाविद्यालयाच्या स्वच्छतागृहासारखं स्वच्छतागृह तालुक्यात नाही. त्याखालोखाल त्यांचा अभिमान म्हणजे सभागृह. ग्रंथालयाच्या चौपट मोठं. तिथे आजवर एकही व्याख्यान झालं नव्हतं, मात्र लग्नं पुष्कळ झाली होती. विनिताने गेल्या मार्गशीर्षात पुरावा कायद्याचा वर्ग पलीकडच्या मंगलाष्टकांबरोबर घेतला होता, आणि "शुभमंगल सावधान" झाल्यावर तिचे विद्यार्थी सवयीने टाळ्या वाजवत होते.

म्हणून तिने व्याख्यानमालेची कल्पना मांडली. बोर्लीत जन्मलेले, उच्च न्यायालयातून निवृत्त झालेले न्यायमूर्ती दत्तात्रेय भायदे यांच्या नावाने, दरवर्षी एक.

दीपेशशेठ म्हणाले, "विनिताबेन, आयडिया सरस छे. पण लेक्चर ऐकायला कोण येणार? इथे माणूस लग्नात पण जेवायच्या टायमाला येतो."

"येतील, शेठ."

"हॉल भरला आणि जजसाहेबांचं नाव मिळालं, तर दरवर्षी करा. नाहीतर मी हॉल कायमचा मंगल कार्यालयाला देऊन टाकतो. बोलणी चालूच छे."

नाव मिळवणं हे दुसरं संकट. न्यायमूर्तींनी आयुष्यभर सत्कार टाळले होते. निवृत्तीच्या दिवशी ते म्हणे मागच्या दाराने निघून गेले आणि हार घेऊन उभे असलेले वकील संध्याकाळपर्यंत उभे राहिले. तरीही विनिताने फोन केला.

"व्याख्यान कशावर?" त्यांनी विचारलं.

"पुराव्यावर, सर."

"मी येतो. मागे बसतो. पण अट आहे. माझ्याबद्दल माझ्यासमोर कोणीही चांगलं बोलायचं नाही. एक वाक्य जरी झालं तरी मी उठणार, आणि जाताना माझं नाव सोबत घेऊन जाणार."

विनिताला ही अट फारच योग्य वाटली. तिलाही विशेषणांचा त्रास होतो. आणि नेमक्या या विशेषणं टाळण्याच्या सद्‌हेतूतूनच पुढचं सगळं झालं.

न्यायमूर्तींच्या धाकट्या भगिनी कमळताई बोर्लीतच राहतात. त्यांनी दोन फोटो दिले. एक रंगीत, कुठल्याशा लग्नातला. त्यात न्यायमूर्तींच्या तोंडात लाडू होता आणि खांद्यावर एक हात होता, ज्याचा मालक कळत नव्हता. दुसरा काळा-पांढरा, न्यायमूर्ती झाले त्या दिवशी स्टुडिओत काढलेला: काळा झगा, पांढरी पट्टी, काळेभोर केस, नजर सरळ. पहिला मोठा केला तर लाडवाचे चौकोन दिसायला लागत होते. दुसऱ्याच्या भुवईचा केस न् केस शाबूत राहत होता. प्रकाशशास्त्राच्या दृष्टीने प्रश्नच नव्हता.

फ्लेक्स करणारा अझहर हा तिच्या घरमालकीणबाईंचा भाचा. त्याने फोटो पाहिला आणि त्याचा आवाज एकदम खाली आला.

"मॅडम, ब्लॅक अँड व्हाइटच ठेवायचा?"

"हो. साधा आणि गंभीर हवाय."

"वरती एक ओळ असते, ती टाकू?"

"कुठलीही ओळ नको. नाव मोठ्या अक्षरात. खाली लहान अक्षरात व्याख्यानमाला, पुष्प पहिले, वार, वेळ, ठिकाण. नावासमोर कंसात १९४२, मग एक आडवी रेघ, आणि कंस बंद."

"रेघेच्या पुढे काय?"

"काही नाही. कोरं."

अझहरने मान हलवली. "खाली नावं कोणाकोणाची?"

"कोणाचीही नको."

अझहरच्या धंद्यात खाली नावं नसलेला फ्लेक्स आजवर निघाला नव्हता. तो तिच्याकडे अतिशय आदराने पाहत राहिला. "साहेब फार साधे, ना?"

"अतिशय," विनिता म्हणाली.

मंगळवारी फ्लेक्स लागले: एक बोर्लीच्या बाजारात, एक दिघीच्या धक्क्यावर, एक खाडीपलीकडे आगरदांड्याला. अझहरने कोपऱ्यात आपल्यातर्फे एक तेवती पणती टाकली होती. विनिताला ती ज्ञानाची ज्योत वाटली. जरा ठोकळेबाज, पण ठीक.

इथे एक गोष्ट कबूल करायला हवी. विनिता फ्लेक्स बघत नाही. वाढदिवसाचे, नियुक्तीचे, दहीहंडीचे, स्वागताचे फ्लेक्स तिने पेणला लहानाचं मोठं होताना इतके पाहिले होते की पुढे तिने त्यांच्याकडे पाहणंच सोडून दिलं. चेहरे आडवे ताणलेले असतात आणि उंची-रुंदीचं प्रमाण बिघडलेलं पाहिलं की तिचं डोकं दुखतं. त्यामुळे रायगडच्या किनाऱ्यावरचं लहान पोरही जे नुसत्या नजरेने ओळखतं, ते तिला माहीत नव्हतं.

बुधवारपासून गावाचं वागणं बदललं.

पहिल्या शहरबानूचाची. या तिच्या घरमालकीण. खालच्या मजल्यावर राहतात आणि व्याख्यानानंतरच्या चहा-फराळाचं काम त्यांच्याकडेच होतं. सकाळी त्या जिना चढून वर आल्या, तिच्या पाठीवरून हात फिरवला आणि भाकरीचं ताट समोर ठेवलं.

"खा गो बाय. उपाशी राहून काय व्हनार?"

"मी जेवते की, चाची."

"तू बोलनार नाय, मला म्हाईत हाय. मनातल्या मनात ठेवतेस." मग जरा थांबून, "ते जिलेबीचं तू बोललीस ना, ते मी काय करनार नाय. बरं नाय दिसत."

"का? बटाटेवडा आणि जिलेबी ठरली होती."

"वडा पन नाय. साधा चहा देऊ. लोक काय बोलतील?"

विनिताने विचार केला आणि तिला उलगडा झाला. न्यायमूर्ती ब्याऐंशी-त्र्याऐंशीचे. त्यांना मधुमेह असणार, आणि गावाला ते माहीत असणार. किती समजूतदार लोक आहेत, असं तिला वाटलं. "बरोबर आहे तुमचं," ती म्हणाली. चाचींनी पदराने डोळे पुसले.

बाजारात भाजीवाली तिच्याशी हळू आवाजात बोलली आणि घासाघीस केली नाही. वाण्याने तिला रांगेतून पुढे बोलावलं. फुलवाल्याचा फोन आला की शनिवारसाठी पुष्पं कमी पडतील, अलिबागहून मागवू का. एका व्याख्यानाला एक पुष्प म्हणतात, हा नुसता शब्दप्रयोग आहे, असं तिने त्याला समजावून सांगितलं. तो म्हणाला, "हो मॅडम, तुम्ही सांगाल तसं," आणि मागवली.

दीपेशशेठचा मुंबईहून फोन आला. "विनिताबेन, काय बोलणार! कोणाच्या हातात काय असतं? पण तुम्ही काम फास्ट केलं हां. आधी मी बोलतो, मग सगळे उभे राहतील."

"राष्ट्रगीत शेवटी आहे, शेठ."

"ते पण घेऊ," दीपेशशेठ म्हणाले. त्यांचा आवाज जड होता. विनिताने ते सर्दीवर ढकललं.

आता वाचकांना वाटेल की पुरावा कायदा शिकवणाऱ्या बाईला एवढंही कळू नये? पण निरीक्षणं हातात असणं वेगळं आणि ती एकाच आलेखावर मांडणं वेगळं. विनिताकडे प्रत्येक निरीक्षणाचं वेगळं, छोटं आणि अगदी समाधानकारक स्पष्टीकरण होतं. तिचा एकंदर निष्कर्ष असा होता की बोर्लीत कायद्याविषयी एवढा आदर आहे हे आजवर कोणाच्या लक्षातच आलं नव्हतं.

शनिवारी पहाटे ती गाडी घेऊन न्यायमूर्तींना आणायला निघाली. मुंबईहून रस्त्याने यायला त्यांनी नकार दिला होता. विद्यार्थी असताना भाऊच्या धक्क्यावरून रेवसला लाँचने यायचो, तसाच येणार, म्हणाले. म्हणजे तिने दिघीला फेरीबोटीत गाडी चढवायची, आगरदांड्याला उतरायचं, मुरूड-अलिबाग करून रेवस गाठायचं आणि त्यांना घेऊन त्याच वाटेने परत. अंधारात दिघीच्या फ्लेक्सला झेंडूचा हार घातलेला दिसला. तिला भरून आलं.

रेवसला लाँचमधून एक काटकुळे गृहस्थ उतरले. डोक्यावर कॅनव्हासची टोपी, गळ्यात मफलर, खांद्याला कापडी पिशवी. फोटोतल्या माणसाचं फक्त नाक शिल्लक होतं.

"अट लक्षात आहे ना?" हे त्यांचं पहिलं वाक्य.

"हो सर. मी स्वागताचं भाषणसुद्धा काढून टाकलंय."

"उत्तम." ते पिशवी सांभाळत गाडीत बसले.

मुरूडजवळ तिच्या फोनला रेंज आली आणि एकदम बरंच काही आलं. कमळताईंचे असंख्य न घेतलेले कॉल, आणि पुण्याच्या अॅडव्होकेट रुचिका, ज्या व्याख्यान द्यायला येणार होत्या, त्यांचा संदेश: "अत्यंत दुःखद. आजच्या दिवशी बोलणं मला शक्य होणार नाही. क्षमस्व."

बिचाऱ्यांच्या घरी कोणीतरी गेलं असावं. तिने गाडी कडेला घेऊन लिहिलं, "तुमच्या दुःखात सहभागी आहे." लगेच उत्तर आलं, "तुमच्याही." हे काही तिला नीट कळलं नाही. कमळताईंना फोन लावला तर रेंज गेली होती.

"सर, एक अडचण आहे," ती म्हणाली. "वक्त्या येऊ शकत नाहीत. त्यांच्याकडे काहीतरी वाईट घडलंय."

"चला तर. बघू," न्यायमूर्ती म्हणाले.

आगरदांड्याला फेरीबोट यायला अवकाश होता. धक्क्याच्या कुंपणाला तिसरा फ्लेक्स बांधलेला होता. त्यालाही हार होता. खाली नारळ होता, आणि विटेच्या तुकड्यात खोचलेल्या उदबत्त्या जळत होत्या. न्यायमूर्ती गाडीतून उतरले आणि फ्लेक्ससमोर जाऊन उभे राहिले. शेजारी कडक इस्त्रीचा पांढरा सदरा आणि पांढरी टोपी घातलेला एक म्हातारा हातात मोगऱ्याची फुलं धरून बोटीची वाट बघत होता.

"कोण हो हे?" न्यायमूर्तींनी त्याला विचारलं.

"भायदे सायेब. बोर्लीचं. लय मोठं जज व्हतं."

"होते?"

"गेलं ना. चार दिस झालं."

विनिता गाडीचं दार लावत होती. तिचा हात दारावरच राहिला.

"कशाने गेले?" न्यायमूर्तींचा आवाज अगदी शांत होता.

"हार्टचं. झोपंतच. काय तरास न्हाय, काय न्हाय."

"तुम्ही पाहिलंत?"

"मी कसा बघनार? मुंबईला व्हतं ते."

"मग तुम्हाला कोणी सांगितलं?"

"सगलीच सांगतात."

"आणि सगळ्यांना कोणी सांगितलं?"

म्हाताऱ्याने फ्लेक्सकडे हात केला. या माणसाला डोळे आहेत की नाहीत, अशी शंका त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. "ह्यो काय? काला-पांढरा हाय ना फोटो! जित्या मानसाचा असा लावतात काय कुठं? जिता असता तर कलर असता, डोल्याला गागल असता, खाली पन्नास पोरांची तोंडं असती. तारीख तेवढी टाकायची ऱ्हायली, बघा. रेघ मारून सोडलीय."

विनिताच्या डोळ्यांसमोर चाचींनी नाकारलेली जिलेबी आली, पणती आली, "तुमच्याही" आलं. सगळे बिंदू एका झटक्यात एका रेषेवर येऊन बसले. विज्ञानात अशा क्षणाला शोध म्हणतात. तिला मात्र खाडीत उडी मारावीशी वाटली.

"सर," ती पुटपुटली, "मी आत्ताच्या आत्ता सगळ्यांना फोन करते."

"मुळीच नाही." न्यायमूर्ती फोटोकडे बघत होते. "साक्षीदार अजून बोलायचे आहेत. त्यांना पढवायचं नाही."

"पण तिथे शोकसभा असणार, सर! लोक तुमच्याबद्दल चांगलं बोलणार!"

"शक्यता आहे."

"आणि तुमची अट?"

"ती कायम आहे. बोलले की मी उठणार." त्यांनी मफलर गळ्याभोवती आणखी एकदा गुंडाळला. "फोटो चांगला निवडलाय तुम्ही."

म्हाताऱ्याचं नाव तुळशीराम. तोही शोकसभेलाच निघाला होता, तेव्हा न्यायमूर्तींनी त्याला गाडीत बसवून घेतलं. दिघीपासून बोर्लीपर्यंत तो मागच्या सीटवरून भायदे साहेबांच्या शेवटच्या क्षणांचं वर्णन करत होता. शेवटी त्यांनी पाणी मागितलं, असं तो म्हणाला. मघाशी तर ते झोपेत गेले होते, याची न्यायमूर्तींनी त्याला आठवण करून दिली.

"पानी पिऊन झोपलं," तुळशीराम म्हणाला. मग त्याला शंका आली. "तुमी कोन त्यांचं?"

"जवळचाच. लहानपणापासून ओळखतो."

"मग तुमाला जास्त वाईट वाटत असंल."

"हळूहळू वाटायला लागलंय," न्यायमूर्ती म्हणाले.

विनिता गाडी चालवत होती आणि मनाशी हिशेब मांडत होती. गावाला खरं सांगितलं तर शोक करायला आलेली माणसं घरी जातील, हॉल रिकामा पडेल, आणि त्यात लग्नं लागतील. नाही सांगितलं तर कोणीतरी चांगलं बोलेल, न्यायमूर्ती उठतील, नाव जाईल, आणि त्यात लग्नं लागतील. दोन्ही समीकरणांचं उत्तर मंगलाष्टकं.

सभागृह असं भरलं होतं की दीपेशशेठच्या स्वतःच्या मुलीच्या लग्नात भरलं नव्हतं. खुर्च्या काढून सतरंज्या घातल्या होत्या. पांढरे कपडे, हातात फुलं, आणि मंचावर तोच फोटो चौकटीत. मागच्या दाराशी कमळताई उभ्या होत्या. त्यांनी विनिताचा हात घट्ट धरला.

"अगं बाई, फोन का उचलत नाहीस? मंगळवारपासून सांगतेय मी, दत्तू जिवंत आहे, सोमवारीच माझ्याशी बोललाय. कोणी ऐकायला तयार नाही! म्हणतात, कमळताईंना धक्का बसलाय. बायकांनी फोनसुद्धा काढून ठेवला, आज सकाळी कुठे हाती लागला; सांगतात, रड, मोकळी हो. शेवटी एकदा रडले मी. नुसत्या वैतागाने. तर म्हणाल्या, आता बरं वाटेल." तेवढ्यात त्यांची नजर टोपीवाल्यावर गेली. "आलास? तुझ्या दुखवट्याला गावभर चहा मी पाजतेय!"

न्यायमूर्तींनी ओठांवर बोट ठेवलं आणि शेवटच्या ओळीत, भिंतीला टेकून, तुळशीरामशेजारी बसले. विनिता त्यांच्या दुसऱ्या बाजूला बसली, म्हणजे ते उठले तर निदान पहिलं आपल्याला कळावं.

दीपेशशेठ बोलायला उभे राहिले. त्यांनी रुमाल काढला.

"भायदेसाहेब गेले. आपली छत्री गेली. मला आठवतं, साहेब माझ्या दुकानात आले होते. मोठा माणूस, पण स्वतः नळ बघून घेतला. माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, दीपेश, तू कॉलेज काढ."

विनिताने डोळे मिटले. शेजारी हालचाल झाली नाही. तिने एक डोळा उघडला.

"मी याला आज पहिल्यांदा पाहतोय," न्यायमूर्ती हळूच म्हणाले.

"उठताय का, सर?"

"थांबा. साक्ष पूर्ण होऊ द्या."

दीपेशशेठच्या साक्षीत न्यायमूर्तींनी गरिबांचे खटले चुटकीसरशी निकालात काढले, एका मंत्र्याला खडसावलं आणि टाइल्सचा एक रंग सुचवला. मग हमदुल्लाचाचा उभे राहिले. हे शहरबानूचाचींचे थोरले दीर. ऐन उमेदीची वर्षं कुवेतला काढून परत आलेले, आणि न्यायमूर्तींचे शाळेतले दोस्त. त्यांचा आवाज खरोखरच फुटत होता.

"मी काय भाषन करनार? दत्तू आनि मी एका बाकावर. एक दिस आमी मास्तरांची होडी घेऊन खाडीत गेलो. दत्तूने परत येऊन ती बांधली. अशी बांधली की भरती आली आनि होडी गेली निघून! मास्तरांनी विचारला, कोनी बांधली? हा काय बोलला नाय. मार मी खाल्ला. होडी सोडली त्याने, मार खाल्ला मी, आनि जज झाला तो!" ते रडतारडता हसले. "पन दोस्त असा परत व्हनार नाय."

"हरकत!"

आवाज मागून आला. सभागृहातली सगळी डोकी वळली. न्यायमूर्ती उभे होते. विनिताच्या मनात आलं, संपलं. उठले.

ते दाराकडे गेले नाहीत. मधल्या वाटेने सरळ मंचाकडे चालायला लागले.

"धडधडीत खोटं! गाठ तू मारली होतीस, हमद्या. मी म्हणालो होतो, ढिली आहे. आणि मार मीसुद्धा खाल्ला, घरी गेल्यावर. कमळीला विचार!"

"खाल्ला," कमळताई ओरडल्या. "छडी मोडली होती बाबांची."

हमदुल्लाचाचांनी माइकचा दांडा दोन्ही हातांनी धरला. "दत्या? अरे, तू मेलास ना?"

"बॅनरवर."

पुढे जे झालं त्याचं नेमकं वर्णन करता येत नाही, कारण विनिताला ते नीट दिसलं नाही. लोक उभे राहिले, सतरंज्या पायांत आल्या, फुलं सांडली, कोणीतरी पाणी मागितलं, आणि दोन म्हातारे एकमेकांच्या गळ्यात पडून होडीवरून भांडत राहिले. दीपेशशेठ चौकटीतल्या फोटोकडे आणि न्यायमूर्तींकडे आळीपाळीने बघत होते. फ्लेक्सवाला अझहर भिंतीला चिकटून उभा होता. "मॅडमनीच सांगितला होता ब्लॅक अँड व्हाइट," असं तो समोर येईल त्याला सांगत होता, आणि प्रत्येक जण वळून विनिताकडे बघत होता. इतक्या डोळ्यांखाली ती आयुष्यात कधी आली नव्हती. एवढा प्रकाश एका बिंदूवर पडला तर तिथे काय होतं, हे ती प्रयोगशाळेत शिकली होती.

मग न्यायमूर्तींनी टेबलावर पाण्याचा पेला दोनदा आपटला. सभागृह गप्प बसलं. सगळ्यांना आपोआप खाली बसावंसं वाटलं.

"आजच्या वक्त्या माझ्या निधनामुळे येऊ शकल्या नाहीत," ते म्हणाले, "तेव्हा व्याख्यान मी देतो. विषय पुरावा."

आणि ते बोलले. इकडचं तिकडून ऐकलेलं म्हणजे काय, ते न्यायालयात का चालत नाही, आणि शंभर लोकांनी सांगितलेली गोष्ट ही एकाच फ्लेक्सची शंभर तोंडं कशी असू शकतात. ते म्हणाले, "ज्याची सात वर्षं काही खबर नाही, त्यालाच कायदा मेला असं धरतो. तुम्ही मला सात दिवसही दिले नाहीत." लोक हसले. मग त्यांनी एका खटल्याची हकीगत सांगितली, ज्यात सगळं गाव एका माणसाला खुनी म्हणत होतं आणि प्रत्यक्ष पाहिलेलं कोणीच नव्हतं. तेव्हा मात्र कोणी हसलं नाही. बाहेर चहा गार होत होता आणि कोणी उठत नव्हतं. जेवणाची आशा नसताना त्या सभागृहात माणसं बसून राहिली, असं प्रथमच घडलं.

शेवटी विनिता उभी राहिली. विचारल्यावाचून राहवेना. "सर, तुमची अट. माझ्यामुळे तिचा भंग झाला. मी—"

"त्याचाच निकाल द्यायचाय," न्यायमूर्ती म्हणाले. "शेठजींनी ज्या गृहस्थांची स्तुती केली ते मी नव्हे. मी त्यांच्या दुकानात कधी गेलेलो नाही. तेव्हा ती माझी स्तुती धरता येत नाही. हमदुल्लाने जे सांगितलं ती स्तुती नव्हे, तक्रार आहे, आणि तीही खोटी. तुळशीरामजींनी गाडीत सांगितलेलं सगळं दुसऱ्याच्या तोंडचं. सबब, माझ्याबद्दल माझ्यासमोर कोणीही काहीही चांगलं बोललेलं नाही. अटीचा भंग झालेला नाही. व्याख्यानमालेला माझं नाव द्यायला हरकत नाही." ते जरा थांबले. "मात्र पुढच्या वर्षी फोटो रंगीत. लाडूवाला चालेल."

टाळ्या वाजल्या. शहरबानूचाची पदर खोचून उठल्या आणि अझहरला म्हणाल्या, "चल रे, कढई काढ. सांजच्याला जिलेबी पायजे."

दीपेशशेठ विनिताजवळ आले. त्यांचे डोळे अजून ओले होते, पण डोकं चालायला लागलं होतं. "विनिताबेन, हॉल तुमचा. शब्द म्हणजे शब्द." मग त्यांनी चौकटीतल्या काळ्या-पांढऱ्या फोटोकडे विचारपूर्वक पाहिलं. "पण एक बोला. पुढच्या वर्षी रंगीत लावला, तर एवढी माणसं कशी येणार?"

विनिताने तो फोटो भिंतीकडे वळवून ठेवला. ती बाहेर पायऱ्यांवर येऊन उभी राहिली. माणसं पांगत होती. तुळशीराम मोगऱ्याची फुलं अजून हातात घेऊन आला. आत त्याने न्यायमूर्तींच्या पाया पडून घेतलं होतं, न्यायमूर्तींनी त्याला उठवून जवळ घेतलं होतं, आणि दोघांचा फोटोही काढला होता. रंगीत.

"लय मोठा मानूस व्हता, मॅडम," तो म्हणाला.

"आहेत," विनिता म्हणाली. "आत्ता तुम्ही त्यांच्याशीच बोललात ना?"

"व्हय तर, बोललो की. म्हणून तर सांगतो. जवल घेतलान मला. असा मानूस आता न्हाय मिलायचा."

मग तो बाजाराच्या वाटेला लागला. कोपऱ्यावरच्या फ्लेक्सपाशी थांबला, हातातली फुलं तिथेही वाहिलेल्या नारळाशेजारी नीट ठेवली, टोपी काढून हात जोडले आणि दिघीच्या गाडीची वाट बघत उभा राहिला.